सहा दुपारींची चौकशी

माझी विभागीय चौकशी झाली ती २७ गाद्या आणि ३१ ब्लँकेटांसाठी. गादी १,४५० रुपयांची, ब्लँकेट ३८० रुपयांचं. सगळी मिळून ५०,९३० रुपयांची तूट. ती तपासणीत निघाली फेब्रुवारी २०२० मध्ये आणि प्रकरण बंद केल्याचा आदेश माझ्या हातात पडला जून २०२५ मध्ये. मधल्या काळात मी निवृत्त झाले, हाताशी आलेली पदोन्नती गेली, आणि ज्यांच्या दोन वाक्यांत सगळा उलगडा झाला असता ते गृहस्थ या जगातून गेले.

कोणाचं नाव घेणार नाही. ज्यांची चौकशी आत्ता चालू आहे त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या टेबलावर अशी एखादी फाइल पडून आहे त्यांनीही वाचावं, म्हणून लिहिते आहे.

मी मुलींच्या एका शासकीय वसतिगृहाची गृहपाल होते. तालुका कृष्णाकाठचा. ऑगस्ट २०१९ चा महापूर आमच्याकडच्या कोणाला सांगावा लागत नाही. पाणी चढायला लागलं तशा मुलींना आम्ही घरी पाठवून दिलं होतं. इमारत उंचावर होती, त्यामुळे ती कोरडी राहिली. तहसील कार्यालयातून फोन आला की हायस्कूलमध्ये शिबिर उघडलंय, म्हातारी माणसं आणि बाळंतिणी ओल्या फरशीवर आहेत, तुमच्याकडे गाद्या असतील तर द्या. मी ४६ गाद्या आणि ६० ब्लँकेटं ट्रॅक्टरमध्ये भरून दिली. लेखी आदेश मागितला नाही. शिबिरावर ज्या तलाठ्यांची नेमणूक होती त्या भाऊसाहेबांनी एका कोऱ्या कागदावर पोच लिहून दिली: वसतिगृहाकडून शिबिरासाठी गाद्या व ब्लँकेटं मिळाली. खाली सही, तारीख. आकडा लिहायचा राहिला. त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दोन दिवस आम्ही कोणीच झोपलो नव्हतो.

पाणी ओसरल्यावर १९ गाद्या आणि २९ ब्लँकेटं परत आली. बाकीची चिखलानं आणि घाणीनं अशी झाली होती की गावातल्या पुराच्या कचऱ्याबरोबर ती उचलून नेली गेली. त्याचा पंचनामा झाला नाही.

माझ्या चुका इथेच सांगून टाकते, कारण त्या मी चौकशीतही कबूल केल्या. साहित्य बाहेर गेलं त्या दिवशी साठा नोंदवहीत नोंद घेतली नाही. खराब साहित्याच्या निर्लेखनाचा, म्हणजे ते साठ्यातून कमी करण्याचा, प्रस्ताव सप्टेंबरमध्ये जायला हवा होता, तो मी डिसेंबरमध्ये पाठवला आणि त्याचा पाठपुरावा केला नाही. या चुकांबद्दल मला २०२० सालीच ठपका ठेवला असता तर मी तो मुकाट्यानं घेतला असता.

फेब्रुवारी २०२० मध्ये वार्षिक तपासणी झाली. साठा मोजला, नोंदवहीशी ताडून पाहिला, तूट निघाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खुलासा मागवणारं पत्र आलं. मी सात दिवसांत चार पानी खुलासा दिला, पोचेची छायांकित प्रत जोडली, आणि भाऊसाहेबांना विचारून खात्री करून घ्यावी अशी स्पष्ट विनंती केली. ते तेव्हा तिथून अकरा किलोमीटरवरच्या सजात, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, कामाला होते. कोणीही मोटरसायकलवर जाऊन तासाभरात विचारून आलं असतं.

पुढच्या पंधरवड्यात टाळेबंदी लागली. आमचं वसतिगृह विलगीकरण केंद्र म्हणून ताब्यात घेतलं गेलं. उरलेल्या गाद्या, चादरी, पलंग सगळं वापरात आलं. संसर्गाच्या भीतीनं काही साहित्य नष्ट केलं गेलं, काही दुसऱ्या केंद्रात गेलं. त्या काळात जे झालं ते गरजेचं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यानंतर साठा पुन्हा मोजून पाहण्याला काही अर्थ उरला नाही. तपासणीच्या दिवशीचा आकडा तेवढा कागदावर राहिला.

माझ्या खुलाशाला उत्तर आलं नाही. महिने गेले तसं मी समजले की तो मान्य झाला असावा. सरकारी नोकरीत आपण असं समजून चालतो. समाधान झालं म्हणून कोणी कळवत नाही, झालं नाही म्हणूनही कळवत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भाऊसाहेब गेले. वय जेमतेम पन्नाशीचं. बातमी कळली तेव्हा मला हळहळ वाटली ती त्यांच्या घरच्यांसाठी. गाद्यांचा विचार मनातसुद्धा आला नाही.

तो आला जानेवारी २०२२ मध्ये. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ८ खालचं दोषारोप पत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा. एव्हाना माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती. लिफाफा जाड होता. आत चार जोडपत्रं: दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, नियम ८ म्हणजे मोठ्या शिक्षेची चौकशी. पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, बडतर्फी, यांतलं काहीही होऊ शकतं. किरकोळ शिक्षेसाठी नियम १० ची आटोपशीर कार्यवाही असते. माझ्यावर तीन आरोप होते. पहिला, शासकीय साहित्याचा अपहार. दुसरा, साठा नोंदवहीत वेळेत नोंद न घेणं. तिसरा, निर्लेखनाचा प्रस्ताव विलंबानं पाठवणं. पहिल्या आरोपातला ‘अपहार’ हा शब्द मी किती वेळा वाचला असेन. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तो शब्द माझ्या नावापुढे लागला नव्हता.

साक्षीदारांच्या यादीत भाऊसाहेबांचं नाव नव्हतं. माझ्या बचावाच्या साक्षीदारांत ते मला घालता येणार नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा केला, त्यांच्या कपाटातल्या दोन डायऱ्या काढून दाखवल्या. पुराच्या दिवसांची डायरी त्यात नव्हती, ती कार्यालयात जमा झाली होती आणि पुढे सापडली नाही. निघताना त्या म्हणाल्या, “ताई, हे असते तर स्वतः येऊन सांगितलं असतं हो.” मला ते माहीत होतं. खुलासा दिल्यानंतर तेरा महिने ते हयात होते. त्या तेरा महिन्यांत त्यांचा जबाब घ्यायला कोणी गेलं नाही.

निलंबन माझ्या वाट्याला आलं नाही. बरोबरच्या एका सहकाऱ्याच्या वाट्याला आलं होतं, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो. सुरुवातीचे तीन महिने तो अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका असतो. सर्वोच्च न्यायालयानं अजयकुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोप पत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवता येणार नाही. त्यावर महाराष्ट्र शासनानं ९ जुलै २०१९ ला शासन निर्णय काढला. सहकाऱ्याला हा निर्णय माहीतच नव्हता. नव्वद दिवस उलटून गेल्यावर कोणीतरी सांगितलं, मग त्यानं अर्ज केला आणि तो कामावर परत आला. निलंबित असाल तर तारीख मोजत राहा आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी लेखी अर्ज द्या. आपण होऊन तुम्हाला कोणी बोलावणार नाही.

दोषारोप पत्राला मी मुदतीत उत्तर दिलं. पहिला आरोप अमान्य, दुसरा आणि तिसरा कारणांसह मान्य. दोन आरोप मान्य केल्यावर काम हलकं होईल अशी माझी कल्पना होती. चौकशी अधिकारी नेमला गेला ऑगस्टमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी. शासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी नेमायला आणखी महिना लागला. पहिली तारीख पडली ऑक्टोबर २०२२ मध्ये. मी माझ्या बचाव सहायकाला घेऊन एसटीनं सव्वादोन तास प्रवास करून गेले. बचाव सहायक म्हणजे आपली बाजू मांडायला मदत करणारा दुसरा सरकारी कर्मचारी. वकील सहसा देता येत नाही. हे भले गृहस्थ स्वतःची रजा टाकून माझ्यासाठी येत असत. त्या दिवशी सादरकर्ता अधिकारी आले नाहीत. पुढची तारीख घेऊन आम्ही परत आलो.

त्याच संध्याकाळी मी शंभरपानी वही आणली आणि तीन रकाने आखले: तारीख, काय झालं, का नाही झालं. ही वही पुढे माझ्या सगळ्यात उपयोगी पडली. एकूण २३ तारखांच्या नोंदी त्यात आहेत. सादरकर्ता अधिकारी गैरहजर, ५. साक्षीदार गैरहजर, ४. मूळ साठा नोंदवही आली नाही, ३. ती लेखापरीक्षणासाठी गेलेली होती आणि कुठे आहे ते दोन कार्यालयं एकमेकांना विचारत होती. चौकशी अधिकाऱ्यांना दुसरं काम निघालं, ३. आमच्या बाजूनं मुदत मागितली, २. एकदा बचाव सहायकांच्या घरी मयत झालं म्हणून, एकदा मला ताप होता म्हणून. हे झाले सतरा. उरल्या सहा. त्या सहा दिवशी काम झालं, आणि तेही बहुधा दुपारी जेवणानंतर सुरू होऊन पाचच्या आत संपणारं.

सहा दुपारी. माझी सगळी चौकशी तेवढ्याच कामाची होती.

पहिले चौकशी अधिकारी वाईट नव्हते. स्वतःच्या पदाचा पूर्ण भार सांभाळून त्यांच्याकडे अशा बऱ्याच चौकश्या होत्या. चौकशीसाठी वेगळा माणूस नाही, वेगळा टंकलेखक नाही. साक्ष लिहून घ्यायला ते आपल्याच कार्यालयातल्या लिपिकाला बसवायचे आणि तो तेवढ्यात दोनदा उठून दुसरीकडे जायचा. त्यांनी मला एकदा समोर बसवून सांगितलं, “बाई, माझ्या गोपनीय अहवालात चौकश्या किती संपवल्या हे कोणी विचारत नाही. माझं मूळ काम किती झालं ते विचारतात.” मला तो दिवस आठवतो, कारण त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की उशीर कोणी ठरवून करत नव्हतं. प्रत्येकाच्या यादीत माझी चौकशी शेवटच्या ओळीवर होती, एवढंच. शेवटच्या ओळीवरचं काम कोणाचंच त्या दिवशी होत नाही.

दरम्यान पदोन्नती समितीची बैठक झाली. दोषारोप पत्र बजावलेलं असलं की समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात जातो आणि चौकशी संपेपर्यंत उघडत नाही. माझ्याहून चार वर्षांनी कनिष्ठ असलेल्या बाई माझ्या वरिष्ठ झाल्या. त्यांनी फोन करून, अवघडून, “ताई, राग धरू नका,” असं म्हटलं. त्यांचा काय दोष. पण मी त्या रात्री जेवले नाही.

३१ मे २०२३ ला मी नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. निरोपसमारंभ नको म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मुलींनी खीर केली होती.

निवृत्तीच्या दिवशी चौकशी प्रलंबित असली तर काय होतं हे नोकरीत असताना फार थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम २७ प्रमाणे आधी सुरू झालेली चौकशी तशीच पुढे चालू राहते. नियम १३० प्रमाणे तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं, पण उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी अंतिम आदेश होईपर्यंत मिळत नाही. निवृत्तिवेतनाचं अंशराशीकरण, म्हणजे त्याचा काही भाग एकरकमी घेणं, तेही करता येत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि गटविम्याची रक्कम मिळाली, त्यावर आम्ही धाकटीचं शिक्षण पुढे नेलं. उपदानावर घराचं राहिलेलं कर्ज फेडायचं ठरलं होतं, ते तसंच राहिलं आणि दरमहा त्याचं व्याज भरत राहिले. अडकलेलं उपदान तुटीच्या रकमेच्या कितीतरी पट होतं. मी एकदा लेखी विनंती केली की तुटीची रक्कम राखून ठेवा आणि बाकीचं द्या. नियमात तशी तरतूद नाही असं उत्तर आलं. हे मात्र एका आठवड्यात आलं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. निवृत्तीनंतर वेतनवाढ रोखणं, ठपका ठेवणं या शिक्षा देताच येत नाहीत, कारण वेतनच उरलेलं नसतं. उरतो तो निवृत्तिवेतनात कपातीचा मार्ग, आणि त्यासाठी गंभीर गैरवर्तणूक किंवा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. म्हणजे ज्या चुका मी पहिल्याच दिवशी मान्य केल्या होत्या, त्यांची योग्य शिक्षा द्यायची वेळ शासनानं स्वतःच्या हातानं घालवली. जो खरोखर दोषी असेल त्यालाही उशिराचा असाच फायदा होतो, हे मला आजही पटत नाही. चौकशी वेळेत व्हावी ही मागणी निर्दोष माणसाची जितकी आहे तितकीच ती शासनाची असायला हवी.

जुलै २०२३ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांची बदली झाली. त्यानंतर सात महिने एकही तारीख नाही, कारण अधिकारीच नाही. वहीत त्या सात महिन्यांची पानं कोरी आहेत. मी दर महिन्याच्या पाच तारखेला एक पत्र देत होते आणि पोच घेत होते. पत्रात काही नवीन नसायचं. निवृत्त कर्मचारी, वय अठ्ठावन्न पूर्ण, चौकशी अधिकारी नेमावा ही विनंती. आवक शाखेतला मुलगा मला ओळखायला लागला होता. “काकू, आज पाच तारीख,” म्हणून शिक्का मारायचा.

डिसेंबरमध्ये एका वकिलांचा सल्ला घेतला. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जायचं का, हा प्रश्न होता. त्यांनी मला दोन निकाल समजावून सांगितले आणि दोन्ही ऐकून घ्या म्हणाले. मध्य प्रदेश शासन विरुद्ध बानी सिंग, १९९०: घटना १९७५-७७ मधल्या, दोषारोप पत्र १९८७ मध्ये, बारा वर्षांच्या विलंबाचा खुलासा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं चौकशी रद्द ठरवणं कायम ठेवलं. पंजाब शासन विरुद्ध चमनलाल गोयल, १९९५: साडेपाच वर्षांचा विलंब होऊनही चौकशी रद्द केली नाही, लवकर संपवायला सांगितलं. म्हणजे उशीर झाला एवढ्यावर आरोप गळून पडत नाहीत. आरोप किती गंभीर, उशीर कोणामुळे, आणि त्या उशिरानं बचावाचं नेमकं काय नुकसान झालं, हे तोललं जातं. वकील म्हणाले, “तुमचं नुकसान दाखवता येण्यासारखं आहे. साक्षीदार वारला. आणि उशीर कोणामुळे, हे तुमच्या वहीत आहे.” त्यांनी वही चाळली, आमच्या बाजूच्या दोन तारखा लिहिलेल्या पाहिल्या आणि त्या खोडू नका असं आवर्जून सांगितलं. त्या दोन नोंदींमुळे बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो, असं त्यांचं म्हणणं.

पण चौकशी रद्द व्हावी असं मला वाटत नव्हतं. तांत्रिक कारणावर सुटले असते तर ‘अपहार’ हा शब्द तसाच राहिला असता. मला ती पूर्ण व्हायला हवी होती. म्हणून अर्ज करण्याआधी आम्ही नोटीस दिली. तिच्यात प्रेमनाथ बाली प्रकरणाचा आधार घेतला. १६ डिसेंबर २०१५ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की विभागीय चौकशी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा, आणि टाळता न येणारी कारणं असतील तरी एक वर्षापलीकडे ती जाऊ नये. सोबत वहीतल्या तेव्हापर्यंतच्या १७ तारखांचा तक्ता जोडला. कोणावर टीका नाही, नुसता तक्ता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे चौकशी अधिकारी नेमले गेले. हे निवृत्त अधिकारी होते, कंत्राटी पद्धतीनं चौकशीच्या कामासाठीच घेतलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं, पुढच्या पाच तारखा एकदम लिहून दिल्या आणि कोणत्या तारखेला कोणता साक्षीदार हेही ठरवलं. लोकसभेच्या निवडणुकीच्या कामामुळे सादरकर्ता अधिकारी एकदा येऊ शकले नाहीत. बाकीच्या सगळ्या तारखांना काम झालं. सोळा तारखा फुकट गेल्या ती चौकशी या माणसानं दोन महिन्यांत साक्षी-उलटतपासणीसह संपवली. त्यांनी जादू काही केली नाही. त्यांच्या यादीत माझी चौकशी पहिल्या ओळीवर होती.

त्या दुपारी मात्र सोप्या नव्हत्या. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं की त्यांनी साठा मोजला, साहित्य कुठे गेलं हे त्यांना माहीत नाही. पुराच्या वेळी तहसील कार्यालयात ज्यांनी मला फोन केला होता ते अधिकारी तिसऱ्या जिल्ह्यातून आले. त्यांनी शपथेवर सांगितलं, “त्या आठवड्यात मी शेकडो फोन केले. यांना केला असेल. नक्की आठवत नाही.” मला राग आला नाही. साडेचार वर्षांनंतर मला तरी सगळं कुठे आठवत होतं? माझ्या स्वतःच्या २०२० च्या खुलाशात ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्या लिहिल्या होत्या आणि उलटतपासणीत मी एक सांगितली. सादरकर्त्यांनी ती विसंगती लगेच पकडली. खरं बोलणारा माणूसही पाच वर्षांनी एकसारखं बोलू शकत नाही, हे मी त्या खुर्चीत बसून अनुभवलं. घशाला कोरड पडली होती.

मला वाचवलं ते हायस्कूलच्या एका निवृत्त शिपायांनी. बचावाच्या साक्षीदारांत त्यांचं नाव घालावं हे मला सुचलं ते फार उशिरा, गावातल्या एका लग्नात ते भेटले म्हणून. सत्तरीचे, कमी ऐकू येणारे मामा. त्यांना गाद्या उतरवल्याचं आठवत होतं, कारण प्रत्येक गादीच्या कोपऱ्यावर वसतिगृहाचा लाल शिक्का होता आणि शिबिरात आलेल्या सामानाची यादी मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून त्यांनीच फळ्यावर लिहून, मग शाळेच्या रजिस्टरात उतरवली होती. ते रजिस्टर शाळेच्या माळ्यावर सापडलं. कडांना ओल लागलेली. त्यात ओळ होती: वसतिगृह, गाद्या ४६, ब्लँकेट ६०. चौकशी अधिकाऱ्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत, लिहून घेतली. बचाव सहायकांनी टेबलाखाली माझा हात दाबला. आणखी एक पावसाळा गेला असता तर ते पान वाचता आलं नसतं.

चौकशी अहवाल जुलैमध्ये सादर झाला, मला त्याची प्रत मिळाली ऑक्टोबरमध्ये. अहवालाची प्रत देऊन म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे, हे १९९३ च्या करुणाकर निकालापासून ठरलेलं आहे. पहिला आरोप सिद्ध होत नाही. दुसरा सिद्ध. तिसरा अंशतः सिद्ध. मी पंधरा दिवसांत निवेदन दिलं. त्यावर अंतिम निर्णय व्हायला पुन्हा जवळपास आठ महिने लागले. सिद्ध झालेले दोष गंभीर स्वरूपाचे नाहीत, सबब निवृत्तिवेतनात कपात न करता प्रकरण बंद करण्यात येत आहे. आदेश सव्वा पानाचा आहे.

आदेश आल्यावर मी माहितीच्या अधिकारात माझ्या फाइलची टिपणी मागवली. माझा २०२० चा खुलासा पोहोचल्यावर तीन आठवड्यांत तिथे लिहिलेलं आहे: खुलासा असमाधानकारक, दोषारोपाचं प्रारूप सादर करावं. का असमाधानकारक, ते लिहिलेलं नाही. मग प्रारूप तीनदा वर जाऊन परत आलं. एकदा साक्षीदारांची यादी नाही म्हणून, एकदा कागदपत्रं साक्षांकित नाहीत म्हणून, एकदा नियमाचं कलम चुकलं म्हणून. मध्ये सात महिने त्या टेबलावर माणूस नव्हता. आणि समासात कोणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं: तलाठी यांना विचारून घ्यावे का? त्याखाली काही नाही. मी ते पान बराच वेळ हातात धरून बसले होते.

कोणी मला विचारलं तर मी एवढंच सांगते. खुलासा देतानाच तुमच्या साक्षीदाराचा सही केलेला लेखी जबाब जोडा. शासन घेईल म्हणून वाट पाहू नका, तो मी जोडला असता तर. प्रत्येक तारखेच्या रोजनाम्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. स्वतः मुदत मागू नका, आणि मागितलीत तर ती लपवू नका. निवृत्तीला दोन वर्षं उरली असतील तर तसा उल्लेख प्रत्येक पत्रात करा. आणि ज्या कोणाकडे आमच्यासारख्यांची फाइल येते, त्यांनी खुलाशात कोणाचं नाव आलं असेल तर त्या माणसाला त्याच आठवड्यात विचारून घ्यावं. बाकीचं सगळं सावकाश झालं तरी चालेल इतकं हे एक काम महत्त्वाचं आहे.

आदेशाची एक प्रत मी वहिनींना नेऊन दिली. त्यात भाऊसाहेबांच्या पोचेचा उल्लेख आहे, त्यांच्या हुद्द्यासह. त्यांनी ती देवघरातल्या फोटोमागे ठेवली.

उपदान सप्टेंबरमध्ये खात्यात जमा झालं. विलंबाच्या काळातलं व्याज मिळावं म्हणून निवृत्तिवेतन नियमांतल्या १२९-अ खाली मी अर्ज केला आहे. ते मिळेल की नाही हे अजून ठरायचं आहे. अर्ज द्यायला गेले तेव्हा आवक शाखेत तोच मुलगा होता. पाच तारीख नव्हती, म्हणून तो क्षणभर गोंधळला, मग त्यानं शिक्का मारला आणि मी पोच घेऊन आले.